किती फोटो, कधी देणार?

नमस्कार श्रोतेहो.

फोटोंबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे जरा अवघडच. दाखवता काहीच येत नाही, तेव्हा बरंचसं तुमच्या कल्पनेवर सोपवते आणि सुरुवात करते.

कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला तुम्ही कधी गेला असाल. शिल्पांभोवती घोळका असतो, व्यक्तिचित्रांपुढे लोक थांबतात, शेजारी उभ्या असलेल्या मॉडेलशी चेहरा ताडून बघतात. फोटोग्राफीच्या दालनात मात्र पाहुणे चालता चालता बघतात. भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलाला फार तर एक प्रश्न विचारतात, "छान आलाय. कॅमेरा कुठला रे?" तोही बिचारा कॅमेऱ्याचं नाव सांगतो आणि पाहुणे पुढच्या दालनात जातात. आज शेवटच्या वर्षाच्या त्या मुलाबद्दल आणि त्याच्या वर्गातल्या मुलींबद्दल बोलायचं आहे.

फोटोग्राफीचा वर्ग ही मुंबईला नवी गोष्ट नाही. सर ज. जी. कलाशाळा, म्हणजे आपलं जे. जे., सुरू झाली 1857 साली. त्याच्या दोन वर्षं आधी, 1855 मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग भरत होता आणि हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकून पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. 1854 साली स्थापन झालेल्या इथल्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाडांसारखी माणसं होती. म्हणजे या शहराच्या हातात कॅमेरा फार लवकर आला. कलाशिक्षणात मात्र त्याला स्वतःचं घर मिळालं नाही. आजही आपल्याकडे अनेक ठिकाणी फोटोग्राफी उपयोजित कलेच्या छत्राखाली, शेवटी शेवटी निवडायचा विषय म्हणून येते. मुलं आधी अक्षरं गिरवतात, जाहिरातीचं ले-आउट करतात, साबणाच्या वडीवर नीट प्रकाश पाडायला शिकतात आणि मग त्यांना सांगितलं जातं, आता तुझा स्वतःचा विषय आण.

इथे भल्याभल्यांची गाडी अडते. पहिला विषय हमखास दूरचा निघतो. बनारसचे घाट, पुष्करची जत्रा, राखेत बसलेला साधू. पैसे जमवून मुलं जातात, चार दिवसांत हजारभर फोटो काढून येतात आणि सर ते चाळून म्हणतात, "हे सगळं मी पाहिलंय." माझं मत विचाराल तर सर बरोबर असतात. घाटावरचा साधू आता इतका सराईत झालाय की कॅमेरा दिसला की आपणहून प्रकाशाच्या बाजूला तोंड करतो.

एका मुलाचं काम सांगते. लालबागच्या एका चाळीतली एक खोली, त्याचं स्वतःचं घर. त्याने खोलीचा एकच कोपरा धरला. ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी लादीवर टेपच्या फुल्या मारल्या, कारण ट्रायपॉड कायम उभा ठेवला तर आईला स्वयंपाकघरात जाता येईना. फोटो काढायचा तेव्हा पाय फुल्यांवर टेकवायचे, काम झालं की उचलून कपाटामागे. पहाटे त्या कोपऱ्यात वडील दाढी करतायत. दुपारी शिलाई मशीनवर आई ब्लाउज शिवतेय. संध्याकाळी त्याच मशीनवर झाकण टाकून बहीण अभ्यासाला बसलीये. रात्री मशीन भिंतीला सरकतं आणि तिथे अंथरुणं पडतात. चौकट तीच, कपाट तेच, कॅलेंडरची पानं तेवढी बदलतात. काही महिने हे चाललं. त्यातून शेवटी भिंतीवर गेले अकरा.

या अकरांची निवड कशी झाली ते मी पाहिलं. पोस्टकार्ड आकाराचे स्वस्तातले प्रिंट वर्गाच्या जमिनीवर मांडले होते, सगळे चपला काढून भोवती बसलेले. फिल्मच्या जमान्यात हेच काम काँटॅक्ट शीटवर व्हायचं. एका कागदावर छत्तीस चिमुकल्या फ्रेम, डोळ्याला भिंग, हातात लाल पेन्सिल. आता फ्रेम मोजण्याच्या पलीकडे गेल्यात, म्हणून काटछाट जास्त निर्दय करावी लागते. सर एकेक प्रिंट उचलून बाजूला ठेवत होते. त्यात गणपतीचा एक फोटो होता. आरासीचे दिवे, आरतीच्या ताटाचा उजेड, बहिणीचा हसरा चेहरा. कुणीही घरात फ्रेम करून लावावा असा. सरांनी तो उचलला. मुलगा म्हणाला, "सर, हा तर बेस्ट आहे." सर म्हणाले, "हा भिंतीवर लागला की बाकीचे दहा कोण बघणार?" मुलगा बराच वेळ घुश्श्यात होता. मग उठला आणि गणपतीच्या जागी एक साधासा फोटो ठेवला. दुपारची वेळ, कोपऱ्यात कुणी नाही, मशीनवर अर्धवट कापलेलं कापड. त्याबरोबर पहाट आणि संध्याकाळ एकमेकांना जोडली गेली. फोटोग्राफीच्या शिक्षणात बटण कुणीही शिकवतं. हा उठून प्रिंट बदलण्याचा भाग शिकायला वर्ग लागतो, भोवती बसलेली, तोंडावर बोलणारी मुलं लागतात.

जवळचा विषय म्हटला की मला होमाई व्यारावाला आठवतात. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव आपण ऐकतो. माउंटबॅटन, नेहरू, दिल्लीतला सत्तांतराचा काळ, हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. पण त्याआधीच्या होमाई जे. जे.च्या विद्यार्थिनी होत्या. 1930 च्या दशकात त्यांनी आपल्या बरोबरीच्या मुलींचे फोटो काढले. रेहाना मोगल नावाची त्यांची वर्गमैत्रीण त्यातल्या कितीतरी फोटोंत दिसते. कलाशाळेत शिकणाऱ्या, शहरात मोकळेपणाने वावरणाऱ्या त्या तरुण मुली बाहेरच्या छायाचित्रकाराला अशा सापडल्याच नसत्या. त्याच्यासमोर त्या पदर सावरून बसल्या असत्या. इथे कॅमेऱ्यामागे त्यांच्यातलीच एक होती. होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते मात्र माणेकशा व्यारावालांच्या नावाने, कारण त्यांना स्वतःला कुणी ओळखत नव्हतं. माणेकशा पुढे त्यांचे पती झाले. होमाईंना पद्मविभूषण मिळालं 2011 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीतही असंच घडलं. 1976 मध्ये बर्न्ड बेखर तिथे फोटोग्राफीचे प्राध्यापक झाले. नेमणूक एकट्याची असली तरी शिकवण्यात पत्नी हिला यांचा वाटा बरोबरीचा होता. दोघांचं आयुष्यभराचं काम म्हणजे पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे, झोतभट्ट्या. आभाळ भरून आलेलं असताना, सावली पडू न देता, समोरून सरळ काढलेले फोटो, आणि ते ओळीने मांडलेले. ऐकायला हे भलतंच रूक्ष वाटतं, आणि पहिल्या नजरेला ते रूक्ष आहेही. पण या वर्गातून आंद्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रूट, कँडिडा ह्योफर, थॉमस रुफ अशी एकाहून एक नावं बाहेर पडली. रुफने काय केलं? 1980 च्या सुमारास ओळखीच्यांना, अकादमीतल्या मित्रमैत्रिणींना समोर बसवलं आणि पासपोर्टला काढतात तसे फोटो काढले. हसायचं नाही, रडायचं नाही, नुसतं बघायचं. आधी ते प्रिंट लहान होते. 1986 पासून त्याने तेच चेहरे दोन मीटरहून उंच केले आणि ते जगभरच्या संग्रहालयांत गेले. म्हणजे पुन्हा वर्गातलीच माणसं. भाडं नको, परवानगीसाठी खेटे नकोत, आणि आज जमलं नाही तर उद्या परत बसवता येतात.

तिसरं नाव दयानिता सिंग. 1980 ते 86 त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत शिकत होत्या. झाकीर हुसेन यांच्या एका कार्यक्रमात फोटो काढायला गेल्या तर आयोजकांपैकी कुणीतरी अडवलं आणि सगळ्यांदेखत त्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर ही मुलगी थेट उस्तादांपुढे जाऊन म्हणाली की आज मी विद्यार्थिनी आहे, पण उद्या मोठी फोटोग्राफर होईन, तेव्हा बघू. आपल्या माहीमच्या झाकीरभाईंना ही हिंमत आवडली असावी. पुढे कित्येक हिवाळे दयानिता त्यांच्या आणि इतर वादकांच्या दौऱ्यांबरोबर फिरल्या. विद्यार्थी म्हणून त्यांनी त्यातून पुस्तक उभं केलं. प्रिंट चिकटवून, मुलाखतींचा मजकूर हाताने लिहून केलेली ती प्रत. 1986 साली पुस्तक निघालं. आणि तीसेक वर्षांनी त्या हातच्या प्रतीचीच हुबेहूब आवृत्ती जर्मनीच्या श्टाइडल प्रकाशनाने काढली, चिकटवलेल्या कडांसकट. 2022 मध्ये त्यांना हासेलब्लाड पुरस्कार मिळाला, जो या क्षेत्रातला फार मोठा मान.

या तिघांकडे महागडी यंत्रं होती की नव्हती, हा मुद्दा मला गौण वाटतो. एका गोष्टीपाशी परत परत जायला त्यांच्याकडे सवड होती. पदवीच्या शेवटच्या वर्षी ही सवड मुलांना मिळते, आणि बहुतेकांना ती शेवटचीच मिळते. कारण निकाल लागला की फोन सुरू होतात. लग्न आहे, प्री-वेडिंग आहे, हॉटेलच्या मेनूकार्डासाठी बिर्याणीचे फोटो हवेत, एका मोठ्या फोटोग्राफरला असिस्टंट हवाय, लाइट उचलायला आणि वायरी गुंडाळायला. यातलं कुठलंच काम कमी प्रतीचं नाही. लग्नाच्या मांडवात सप्तपदीचा क्षण चुकला तर परत मिळत नाही, तिथे जी तयारी लागते ती भल्या कलावंताला घाम फोडेल. पण प्रत्येक फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "किती फोटो देणार, कधी देणार?" लालबागच्या त्या मुलाला कुणी हे विचारलं नव्हतं, म्हणून तो अकरावर थांबू शकला.

पालकांनाही दोन शब्द. मुलगी शेवटच्या वर्षाला असताना रोज त्याच रिक्षा स्टँडवर जाऊन बसते आणि तुम्हाला वाटतं की फीचे पैसे पाण्यात गेले, तर जरा दम धरा. आणि प्रिंटच्या खर्चावरून तिला बोलू नका. चांगल्या मॅट कागदावरचा मोठा प्रिंट महाग पडतो हे खरं, पण स्क्रीनवर झकास दिसणारा अंधार कागदावर नुसता काळा गोळा होऊन येतो, हे प्रिंट काढल्याशिवाय कळत नाही. एक वाया गेला की दुसरा काढावाच लागतो.

आणि पुढच्या वेळी प्रदर्शनाला गेलात तर कॅमेऱ्याचं नाव विचारू नका. "यातला कोणता फोटो तू काढून टाकलास?" असं विचारा. आधी ती मुलगी चमकेल, मग खिशातून फोन काढेल आणि तो बाहेर राहिलेला फोटो तुम्हाला दाखवेल. बहुतेक वेळा तो देखणाच असतो. तो भिंतीवर का नाही हे ती सांगायला लागली की तुमची दहा-पंधरा मिनिटं सहज जातील. तेवढा वेळ हाताशी ठेवून जा.

नमस्कार.