'वजन तर तेवढंच आहे ना!'

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न परत परत आलाय: "डॉक्टर, ते पाच प्रश्नांचं रील फिरतंय, त्यावरून मुलीला ईटिंग डिसऑर्डर आहे का ते घरी कळेल का?"

ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्याशी आणि वजनाशी जोडलेला मानसिक आजार. ते पाच प्रश्न म्हणजे 'स्कॉफ'. १९९९ साली ब्रिटनमध्ये १८ ते ४० वयाच्या बायकांवर तपासलेले. दोन 'हो' आले की पुढची तपासणी. त्यातला एक: तीन महिन्यांत एक स्टोन, म्हणजे साधारण साडेसहा किलो वजन उतरलं का? अहो, तीस किलोच्या पोरीचं साडेसहा किलो उतरेपर्यंत बसून राहायचं?

जेवण लपवणं, जेवल्यावर लगेच बाथरूम, पाळी थांबणं, ही लक्षणं तुम्हाला ठाऊक आहेत. पाळी चालू असली तरी आजार असू शकतो, एवढंच सांगते. आणि मुलग्यांनाही होतो!

आता माझं नेहमीचं रडगाणं. वाढत्या वयात वजन वाढलं नाही, तर ते घटलंच असं समजा. माझीच चूक सांगते. माझ्याकडे आलेली एक मुलगी. अकराव्या वर्षी १४५ सेंटिमीटर, ४२ किलो. तेराव्या वर्षी १५४ सेंटिमीटर, ४२ किलोच. आई काळजीत, आणि मी म्हणाले, "वजन तर तेवढंच आहे ना!" बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २० वरून पावणेअठरावर आला होता. वाढीच्या तक्त्यावर 'नॉर्मल'च. पण मुलगी स्वतःच्या वाढीच्या रेषेवरून खाली घसरली होती, आणि मी फक्त त्या दिवशीचा आकडा बघत होते.

म्हणून कमेंटमध्ये नुसतं "बीएमआय १८, चालेल का?" विचारू नका. साडेअठराच्या खाली वजन कमी, ही रेघ मोठ्यांची. मुलांसाठी आयएपीचा, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, २०१५ चा तक्ता, ५ ते १८ वर्षांचा. त्यावर जुने आकडेही मांडायचे. लसीकरणाची फाईल, शाळेचं हेल्थ कार्ड, जे सापडेल ते घेऊन या.

एका ताईंनी लिहिलंय, "ती गुरुवार करते, तेवढंच." करू दे. पण साबुदाण्याची खिचडी खाते का? उपासाच्या दिवशी वाटीभर काकडीवर भागवत असेल, तर तो गुरुवार दत्तगुरूंसाठी आहे का, जरा बघा.

मुलीशी मी आईला बाहेर बसवून बोलते, मग आईशी वेगळं. दोघींची उत्तरं क्वचितच जुळतात. पोरं कमी करून सांगतात. तुमच्यासमोर विचारलंत तर "सगळं ठीक आहे" हेच ऐकाल.

चक्कर येऊन पडली, किंवा जागेपणी, शांत बसलेली असताना नाडी ५० च्या खाली असेल, तर फाईल शोधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना.