लासलगावचा कांदा आणि लोकसभेचं घड्याळ

(दृश्य: लासलगाव बाजार समिती, सकाळचा लिलाव)

ट्रॉल्यांच्या रांगा लागल्यात. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातला कांदा वर काढतो, दाबून बघतो, पत्ती सोलून रंग बघतो. बोली चढते, थांबते, पुढची ट्रॉली. चार महिन्यांच्या पिकाचा निकाल मिनिटभरात लागतो.

हा लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने टिकतो, म्हणून भाव पडला तरी शेतकऱ्याला थोडं थांबता येतं. लाल कांद्यात ओल जास्त. काढला की विकावाच लागतो.

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा बाजारात येत होता तो हाच कांदा. ४० टक्के निर्यातशुल्क ऑगस्टमध्येच लागलं होतं. ग्राहकाला कांदा परवडावा, हे सरकारचं कारण. लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला.

(दृश्य: संसद भवन, लोकसभेचं थेट प्रक्षेपण)

त्या वेळी संसदेचं हिवाळी अधिवेशन चालूच होतं. ४ ते २२ डिसेंबर. म्हणजे दाद मागायची जागा उघडी होती. पण तिथवर पोचायचं कसं?

लासलगाव दिंडोरी मतदारसंघात येतं. तिथल्या तेव्हाच्या खासदार डॉ. भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या, आणि मंत्री सभागृहात सरकारला प्रश्न विचारत नाही. कांद्याच्या सर्वात मोठ्या बाजारपेठेचा प्रश्न दुसऱ्या मतदारसंघांच्या खासदारांनीच मांडायचा होता.

सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास. यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं आणि वर उपप्रश्नही येतात. सरकारला बांधून ठेवणारं संसदेतलं सगळ्यात धारदार हत्यार हेच. पण प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. ८ तारखेला सूचना दिली तर उत्तराची पाळी येईपर्यंत अधिवेशन संपलेलं! अल्पसूचना प्रश्नाची, म्हणजे कमी मुदतीत विचारायच्या प्रश्नाची वाट असते, पण ती मंत्री तयार असेल तरच.

(दृश्य: दुपारी १२ नंतरचं सभागृह)

उरतो शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात हा शब्द नाही, साठच्या दशकात प्रथेने रुजलेली ही सोय. गावचा पूल, बंद पडलेली रेल्वे, पीकविमा, सगळं इथे येतं. खासदाराने सूचना द्यायची, चिठ्ठीत नाव निघालं तर दोन-तीन मिनिटांत म्हणणं मांडायचं. समोरच्या मंत्र्यावर उत्तराचं बंधन नाही.

तिसरी वाट नियम ३७७ ची. जास्तीत जास्त २५० शब्द. अनेकदा वाचायलाही वेळ मिळत नाही, कागद पटलावर ठेवला जातो. उत्तर येतं ते पुढे, पत्राने. चाळीतला कांदा कदाचित तेवढी वाट बघेल. लाल कांदा नाही बघत.

(दृश्य: गोंधळ, फलक, तहकूब झालेलं सभागृह)

१३ डिसेंबरला दोन तरुणांनी प्रेक्षक गॅलरीतून लोकसभेत उड्या मारल्या. विरोधकांनी गृहमंत्र्यांच्या निवेदनाची मागणी लावून धरली, फलक आले, कामकाज अडलं, निलंबनं सुरू झाली. दोन्ही सभागृहांत मिळून १४६ खासदार बाहेर. कांद्यावर सतत बोलणारे शिरूरचे डॉ. अमोल कोल्हे आणि बारामतीच्या सुप्रिया सुळे १९ डिसेंबरला निलंबित झाले. शिस्त हवीच. पण निलंबित खासदाराची सूचनाही स्वीकारली जात नाही. त्याच्यामागे उभे असलेले लाखो मतदार त्या दिवसांपुरते सभागृहात बिनआवाजाचे होतात. ही शिक्षा खासदारापुरती कशी म्हणायची? २१ तारखेला, एक दिवस आधीच, अधिवेशन गुंडाळलं गेलं.

(दृश्य: शिवनेरीहून निघालेला मोर्चा, ट्रॅक्टर)

सभागृहात न झालेलं बोलणं मग रस्त्यावर आलं. २७ डिसेंबरला कोल्ह्यांनी शिवनेरीवरून पुण्याकडे शेतकरी मोर्चा काढला. मार्चमध्ये बंदी लांबली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली, ती बातमी नाशिकला फार झोंबली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, ४० टक्के शुल्क मात्र लागलं. २० मेला दिंडोरीत मतदान झालं, भारती पवार हरल्या, शिक्षक असलेले भास्कर भगरे लोकसभेत गेले.

अधिवेशन चालू असताना उभ्या पिकाचा भाव पाडणारा आदेश निघाला, तर आठवडाभरात मंत्र्याने सभागृहात त्यावर उत्तर दिलंच पाहिजे, १५ दिवसांची अट तिथे आड येऊ नये. तसा नियम नाही. निर्यातशुल्क अखेर १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालं. तेही अधिसूचनेनेच, जसं ते लागलं होतं.