उन्हापासून द्राक्ष बनतं का? प्रकाशाचा पदार्थ होतो तो असा!

नमस्कार मंडळी! हा घड बघा, मखमलाबादला मामाच्या बागेतून आत्ताच तोडलाय, मण्यांवरचा पांढरट थरसुद्धा अजून पुसला गेला नाहीये. मामा नेहमी म्हणतो, अरे ही सगळी उन्हाचीच कमाई. पण खरं सांगू का, हा मणी बनलाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि मुळांनी ओढलेल्या पाण्यापासून, उन्हाने फक्त ते सगळं जोडायला ताकद दिली.

मग प्रकाशाचा खरोखर पदार्थ होतो का? होतो! १९३४ सालीच ब्राइट आणि व्हीलर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडलं, की प्रकाशाचे दोन कण म्हणजे फोटॉन एकमेकांवर आदळले तर त्यातून इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या चार्जचा जुळा, पॉझिट्रॉन, अशी जोडी तयार होऊ शकते. जोडीच का? तर फोटॉनवर चार्ज नसतो, मग नंतरची बेरीजही शून्यच यायला पाहिजे ना.

पण सौदा फार महाग आहे हो. आइनस्टाइनच्या हिशोबाने एक ग्रॅम पदार्थाला साधारण अडीच कोटी युनिट ऊर्जा लागते, म्हणजे आपलं नाशिकजवळचं एकलहऱ्याचं ६३० मेगावॅटचं वीज केंद्र फुल लोडवर जवळपास ४० तास चालवायचं आणि सगळी वीज यातच ओतायची, तेव्हा कुठे या एका मण्याचा छोटा तुकडा होईल एवढं वजन. त्यात पुन्हा, एका जोडीला लागतात १० लाख २२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे एवढ्याशा कणांची ऊर्जा मोजायचं माप) आणि उन्हातल्या, डोळ्याला दिसणाऱ्या फोटॉनकडे असतात जेमतेम दोन-तीन! म्हणून एप्रिलमध्ये गच्ची कितीही तापू दे, कुरडया वाळतील, इलेक्ट्रॉन काही पडणार नाहीत.

अमेरिकेत ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत मात्र सोन्याचे आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांच्या अगदी शेजारून सोडले, त्यांच्याभोवतीचं विद्युत-चुंबकीय क्षेत्र फोटॉनच्या ढगासारखं वागतं, ते ढग भिडले आणि सहा हजारांवर जोड्या सापडल्या. हे आलं २०२१ मध्ये, गणित मांडल्यावर तब्बल ८७ वर्षांनी! मला तर वाचतानाच काटा आला होता.

आणि याच्या उलटं, पदार्थाचा प्रकाश, ते तर इथे नाशिकमध्येही होतं, पेट स्कॅनमध्ये. आत्याचं स्कॅन होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून होतो, आत तिला ग्लुकोजसारखं औषध टोचलेलं, त्यातून पॉझिट्रॉन निघतात, तिच्याच अंगातल्या इलेक्ट्रॉनला भेटतात, दोघंही संपतात आणि दोन गॅमा फोटॉन, म्हणजे डोळ्याला न दिसणारे खूप ताकदीचे फोटॉन, विरुद्ध दिशांना सुटतात. मशीन तेच टिपतं. त्या दिवशी आत्याच्या अंगातले थोडे इलेक्ट्रॉन प्रकाश होऊन गेले, आणि गाठ नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना दिसलं.