कॅसेट खराब नाही, इंटरलेस्ड आहे

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मेन्यूत 50आय, 25पी असं लिहिलेलं असतं, त्यातला आय म्हणजे इंटरलेस्ड, पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह आणि आकडा म्हणजे सेकंदाला किती क्षण. आज ह्या आय आणि पी बद्दल बोलू, कारण लग्नाची मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली की सगळे हेच विचारतात, नवरी हार घालायला हात पुढे करते तिथे हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात, कॅसेट गेली का? नाही हो, कॅसेट ठणठणीत आहे.

आपल्याकडच्या पाल (PAL, आपली जुनी टीव्ही पद्धत) कॅमेऱ्यात चित्राच्या 576 ओळी, पण त्या एकदम घेतल्याच जात नाहीत. आधी एकाआड एक 288, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या राहिलेल्या 288. ह्या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, सेकंदाला अशी 50. जुन्या डब्बा टीव्हीला हे फिट्ट बसायचं, चित्र कमी लुकलुकायचं आणि 50 पूर्ण चित्रं पाठवायला जेवढी बँडविड्थ लागली असती तिच्या निम्म्यात काम व्हायचं, म्हणजे मला विचाराल तर जबरी डोकॅलिटी होती ती. घोळ झाला एलसीडी आल्यावर, तो सगळ्या ओळी एकदम दाखवतो, मग दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकीत घुसतात, मागची भिंत नीट दिसते पण हललेला हात फाटतो.

प्रोग्रेसिव्हमध्ये पूर्ण चित्र एकाच क्षणाचं (रोलिंग शटरची, म्हणजे सेन्सर ओळी किंचित मागेपुढे वाचतो ती भानगड आहे, पण त्यात आज शिरत नाही). म्हणून लोक सरसकट सांगतात पी चांगला आणि आय टाकाऊ, ते मला अजिबात पटत नाही. 25पी वर लेझीम शूट करा, कॅमेरा जरा जोरात आडवा फिरवा, धक्केच धक्के, कारण सेकंदाला क्षणच 25 आहेत, 50आय मध्ये ते 50 असतात. पूर्ण चित्र आणि 50 क्षण दोन्ही पाहिजे तर 50पी, पण एव्हीसीएचडी हा कॅमेऱ्यांचा एचडी फॉरमॅट 2006 ला आला तेव्हा त्यात 1080 ओळींच्या चित्राला ही सोय नव्हतीच, ती 2011 ला आली.

आणि कन्व्हर्ट करून देणारे काय करतात, सरळ 25 फ्रेमची फाइल हातात ठेवतात, निम्मे क्षण गायब! त्यांना 50पी मागा, किंवा घरी हँडब्रेक ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये यादिफ ह्या डीइंटरलेस फिल्टरला (फील्डपासून पूर्ण चित्रं करणारा) बॉब, म्हणजे प्रत्येक फील्डचं एक चित्र, हा पर्याय निवडा आणि फ्रेमरेट 50 ठेवा. फील्डचा क्रम तेवढा बघा, डीव्हीत खालचं फील्ड आधी, एचडीव्ही (कॅसेटवरचं एचडी) आणि एव्हीसीएचडीत वरचं, उलटं झालं तर माणूस पुढे-मागे थरथरत चालतो.

एक गंमत अजून. काही कॅमेरे 25पी शूट करून ते 50आय च्या पोटात ठेवतात, सॉफ्टवेअर फसतं आणि उगाच डीइंटरलेस करून बारकावे घालवतं. हलत्या हातावर पॉज करा, दात नाहीत ना, मग फिल्टर बंदच ठेवा.