लामणदिव्याची नोंद

[दृश्य: पुण्यातील बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय. अडकित्ते आणि दिवे.]

राजा दिनकर केळकर संग्रहालयात पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा अडकित्त्यांपाशी किंवा दिव्यांपाशी रेंगाळतो. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर १९२०च्या सुमारास या वस्तू जमवू लागले, आणि बालवयातच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले. संग्रहातील सुमारे २०,००० वस्तूंपैकी जेमतेम २,५०० दालनांत मांडलेल्या असतात. उरलेल्या भांडारात असतात. जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांची हीच स्थिती आहे.

तंत्रज्ञानामुळे संग्रहालयांचे भवितव्य बदलणार असे म्हटले, की डोळ्यांसमोर आभासी सफरीचे चष्मे आणि बोलत्या भिंती येतात. त्यांचे आकर्षण खरे आहे. परंतु आमच्या मते अधिक खोल बदल घडतो आहे तो भांडाराच्या नोंदवहीत.

या बदलाचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. येथील सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी तयार केलेल्या संगणकप्रणालीचे नाव ‘जतन’ असे आहे. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय यांसह १० संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी या प्रणालीच्या आधारे एका संकेतस्थळावर आणण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या वस्तू पाहण्यासाठी पूर्वी प्रवास करावा लागे, त्यांची छायाचित्रे आणि वर्णने आता अभ्यासकाला घरी बसून पडताळता येतात.

[दृश्य: फिरत्या पाटावर ठेवलेली समई. भोवती मऊ प्रकाश.]

छायाचित्राच्या पुढची पायरी म्हणजे त्रिमितीय प्रतिमा. वस्तूची सर्व बाजूंनी, एकमेकांवर थोडी चढणारी शेकडो छायाचित्रे घेतली जातात. संगणक त्यांतील समान बिंदू शोधतो आणि त्यांच्या आधारे वस्तूचा आकार उभा करतो. दगडी मूर्तीच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे असते. पितळेचे तसे नाही. घासूनपुसून लख्ख केलेल्या समईवरची चकाकी कॅमेरा हलला की जागा बदलते, त्यामुळे संगणकाला धरून ठेवायला स्थिर बिंदूच मिळत नाही. टांगून ठेवायच्या लामणदिव्याची साखळी तर त्याहून अवघड, कारण तिची प्रत्येक कडी दुसरीला झाकते. अशा वेळी पसरट, सौम्य प्रकाश आणि चकाकी कापणारे फिल्टर वापरावे लागतात, आणि एकाच दिव्यावर बराच वेळ खर्ची पडतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे मिळाले. तेथील राष्ट्रीय संग्रहालयाला लागलेल्या आगीत सुमारे २ कोटी वस्तूंच्या संग्रहाचा बहुतांश भाग नष्ट झाला. त्यानंतर तेथील विद्यार्थ्यांनी, कोणी कधी या संग्रहालयात छायाचित्रे काढली असतील तर ती पाठवावीत, असे आवाहन लोकांना केले. जे जळाले त्याची आठवण पाहुण्यांच्या फोनमधून गोळा करावी लागली, ही गोष्ट मनाला फार लागते.

तरीही प्रतिमा म्हणजे नोंद नव्हे. संगणकाला आपण जे शब्द देतो तेवढेच तो शोधून काढतो. नोंदीत केवळ ‘पितळी दिवा’ असे लिहिले, तर समई, निरांजन, लामणदिवा आणि ठाणवई एकाच ढिगात जाऊन पडतात, आणि लामणदिवा शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आकारावरून वस्तू ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता येथे मदत करील, पण तिलाही आधी कोणीतरी नावे शिकवावी लागतात. वज्रीचेच पाहा. वरून ती पक्ष्याची किंवा प्राण्याची सुबक मूर्ती दिसते, म्हणून यंत्राने तिला खेळण्यांत टाकले तर नवल नाही. तिचा खालचा खरबरीत भाग न्हाणीघरात टाचा घासण्यासाठी असतो, हे ती वापरलेल्या किंवा वापरताना पाहिलेल्या माणसालाच ठाऊक असते.

[दृश्य: पेठेतील जुना वाडा. माळ्यावरून उतरवलेली भांडी.]

पेठांमधील वाडे उतरवले जात आहेत आणि माळ्यावरची भांडी वजनावर मोडीत निघत आहेत. ती भांडी नावाने ओळखणारी पिढी आता थकली आहे. म्हणून नोंद करणाऱ्याने कॅमेऱ्याबरोबर ध्वनिमुद्रकही न्यावा असे आम्हाला तळमळीने वाटते: वस्तूचे नाव, ती घरात कोठे असे, कोणत्या दिवशी बाहेर निघे, तिला कशाने घासत, हे सारे आजींच्याच आवाजात टिपावे आणि ते ध्वनिमुद्रण त्या वस्तूच्या क्रमांकाशी जोडावे. मग वज्रीच्या प्रतिमेला बोट लावताच न्हाणीघरातला तो दगड, चुलीवरचे पाणी आणि दिवाळीची पहाट सांगणारा आवाज ऐकू येईल.