गाडीला वॅक्स: लावायचं पातळ, काढायचं सगळं

नमस्कार मंडळी. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस, आष्टा, जिथं कुठं रेडिओ लावून बसला असाल तिथं, आज गाडीच्या रंगाबद्दल बोलायचंय, म्हणजे त्याच्यावर वॅक्स, म्हणजे रंग जपायचं मेण, कसं लावायचं आणि महत्त्वाचं म्हणजे ते काढायचं कसं. काढायचं म्हटल्यावर काहींना वाटेल, लावलेलं काढायचं कशाला? तेच सांगतो.

आपल्याकडं ऊसतोडीचा हंगाम चालू झाला की सकाळी रस्त्याकडंला लावलेली कुठलीही गाडी बघा, फडात पाचट पेटवलेलं असतं त्याची काजळी उडत उडत येऊन टपावर न बॉनेटवर बसते, वरून पहाटेचं दव पडतं, आणि मग मालक येतो, डिकीतनं पिवळं फडकं काढतो अन कोरडंच खसाखसा पुसतो. मंडळी, एवढं एक थांबवा हो. गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, म्हणजे वहीच्या कागदाइतकाच समजा, आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो 40-50 मायक्रॉनच्या आसपास. गाडीची चमक त्या थरात असते. फडक्याखाली धुळीचा खडा सापडला की तो थर ओरखडतो, रोज थोडा थोडा, आणि दोन वर्षांनी उन्हात काळी गाडी बघितली की गोल गोल जाळं दिसतं. ते वॅक्सनं जात नाही, त्याला पॉलिशच मारावं लागतं, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट आणखी थोडा घासून काढणं. पॉलिश घासतं, वॅक्स वर बसतं. दुकानात दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात, तेव्हा नीट वाचून घ्या.

चांगल्या वॅक्समध्ये बहुतेक वेळा कार्नौबा असतं, ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवर हे मेण येतं, ते कडक असतं, 80 अंशांच्या पुढं गेल्यावर वितळतं, म्हणून आपल्या एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा जरा टिकतं. त्याचा थर अगदी पातळ असतो, पण चिखल, किडे, पक्ष्यांची घाण पहिल्यांदा त्याच्यावर पडते, रंगावर नाही. वडा-पिंपळाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, कारण पक्ष्यांच्या विष्ठेत आम्ल असतं आणि उन्हात तापलेल्या रंगावर ती वाळली की तिथं डाग बसतो तो बसतोच. वॅक्स असलं म्हणून ती तशीच ठेवायची असं मात्र नाही, ओलं फडकं ठेवून आधी मऊ करा आणि उचलून घ्या, घासू नका.

आता लावायचं कसं. आधी गाडी धुवायची, आणि अर्धं काम तिथंच असतं. भांड्याचा साबण नको, कारण तो जुनं वॅक्सही नेतो. अर्थात जुनं वॅक्स काढूनच टाकायचं असेल तर एकदा चालेल, पण रोजच्याला गाडीचा शाम्पू. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं, वरून खाली यायचं आणि खालचे दरवाजे, मडगार्ड शेवटी. जत, आटपाडीकडं बोअरचं पाणी जड असतं, ते उन्हात गाडीवर सुकू दिलं की पांढरे ठिपके राहतात, म्हणून लगेच टिपून घ्या. डांबराचे ठिपके असतील तर कापडाला थोडंसं रॉकेल लावून पुसा, आगीपासून लांब राहून, आणि तिथं परत शाम्पू. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हळूच फिरवा, खरखर लागली तर रंगात घाण रुतलीय, तिला क्ले बार, म्हणजे घाण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी, लागते, तीही भरपूर ओली ठेवून. घाण तशीच ठेवून वर वॅक्स लावलं तर ती कोंडून बसते.

गाडी सावलीत आणि पत्रा गार. हे दोन नसतील तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर वॅक्स लगेच चिकटून बसतं आणि काढताना जीव जातो. एकेक भाग घ्या, बॉनेट, मग एक दरवाजा, रुपयाच्या नाण्याएवढं वॅक्स बॉनेटला भरपूर होतं, ओलसर स्पंजनं पसरा, इतकं पातळ की नुसती धुरकट छटा दिसावी. लोक इथंच चुकतात, जाड लावलं की जास्त टिकेल असं वाटतं, पण रंगाला चिकटलेलं तेवढंच राहतं आणि वरचं सगळं पुसून टाकायचंच असतं. जाड थर म्हणजे जास्त घासणं, आणि जास्त घासणं म्हणजे ओरखडे.

थोडं वाळलं की बोट फिरवून बघा. बोटामागं स्वच्छ चमक आली तर काढायची वेळ झाली, तेलकट पुसट पट्टा राहिला तर अजून थांबा. डब्यावर किती मिनिटं लिहिलीत ते पण बघा, काही वॅक्स लगेच काढायची असतात. मऊ मायक्रोफायबरनं हलक्या हातानं पुसायचं, कापड उलटत राहायचं, भरलं की दुसरं. जमिनीवर पडलेलं कापड परत गाडीला लावू नका, कितीही झटकलं तरी. कुठं डाग अडकून पडलाच तर त्याच्यावर अगदी थोडं ताजं वॅक्स लावा आणि लगेच पुसा, जुनं मऊ होऊन निघतं. काळ्या प्लॅस्टिकच्या बंपरला, वायपरजवळ पांढरं राहिलं तर शाळेतलं खोडरबर हळू फिरवा किंवा मऊ टूथब्रश आणि शाम्पू, पण आधीच त्यावर चिकटपट्टी लावली असती तर बरं. पुढच्या काचेला नको, वायपर ते पसरवून समोर धुरकट करतात. मॅट रंगाच्या गाडीला तर अजिबातच नको.

जुनं पूर्ण काढायचं असेल, म्हणजे सिरॅमिक कोटिंग, वॅक्सपेक्षा जास्त टिकणारा कडक थर, करायचंय किंवा दुसऱ्या प्रकारचं काही बसवायचंय, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, अर्ध्यापेक्षा कमी, कापडानं पुसून घ्यायचं. आणि गाडी नुकतीच रंगवून आणली असेल तर रंगातलं सॉल्व्हंट उडायला वेळ लागतो, रंगवणाऱ्याला विचारा, ते साधारण महिना ते तीन महिने थांबायला सांगतात.

दसऱ्याला गाडीची पूजा करणाऱ्यांनी दोन-तीन दिवस आधी वॅक्स करून ठेवलं तर हळदीकुंकू पुसायला सोपं जातं, आणि पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग राहिलाच तर घाबरू नका, उन्हात हळदीचा रंग फिका पडतो. पावसाळ्याच्या आधी मात्र एकदा जरूर करा. नंतर पाणी टाकून बघत राहा, थेंब गोल उभे राहत असतील तर वॅक्स आहे, पसरट झाले तर आधी नीट धुवून परत बघा, कारण धूळ बसली तरीही पाणी पसरतं, आणि धुतल्यावरही पसरलं तर परत वॅक्स लावायला पुढच्या रविवारची सकाळ सावलीत काढा.