न बोललेलं वाक्य

(सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

सी-सॅटला, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या अभियोग्यता चाचणीच्या पेपरला, २०० पैकी ६६ मिळाले की पात्र, मग 'विधान आणि गृहीतक' शेवटच्या आठवड्यात बघू, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. प्रश्न वाचायला सोपे, म्हणून गुण तिथेच जातात. त्यात सांगलीकरांचे जरा जास्तच जातात. का, ते बघा.

फळ्यावरचं विधान आपल्या कृष्णेवरच्या पुलाचं आहे : 'आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेल्याने नदीकाठच्या रहिवाशांनी सुरक्षित ठिकाणी जावे, असे आवाहन प्रशासनाने केले.' खाली तीन गृहीतकं; यातली कोणती विधानात धरलेली आहेत, ते ओळखायचं. पाणी आणखी वाढू शकते. काही रहिवासी तरी आवाहन मनावर घेतील. ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे.

तिसऱ्याला भराभर हात वर झाले. होणारच. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे २०१९ चा पूर पाहिलेल्यांना कुणी शिकवायला नको. पण एखादी गोष्ट खरी आहे म्हणून ती या विधानात गृहीत धरलेली असते, असं नाही. प्रश्न तुमच्या माहितीचा नाहीच; बोलणाऱ्यानं मनात काय धरलंय, जे काढून घेतलं तर त्याच्या बोलण्याला अर्थ उरणार नाही, ते शोधायचंय.

म्हणून प्रत्येक पर्याय उलटा करून पाहा. पाणी आता वाढूच शकत नाही? मग लोकांना हलवायचं कशाला? कुणीच ऐकणार नाही? मग आवाहन तरी कशाला? धोक्याची पातळी ४५ नसून ४७ आहे? आवाहनाला काही धक्का लागत नाही. पहिली दोन अंतर्भूत, तिसरं नाही. आणि पहिल्यात 'पाणी वाढणारच' असं छापलं असतं, तर तेही खोडायचं. नुसत्या शक्यतेवरही माणसं हलवतात.

आपल्याकडे हे जुनंच आहे. मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या तत्त्वज्ञांचा, देवदत्त धष्टपुष्ट आहे, पण दिवसा जेवत नाही. म्हणजे रात्री जेवत असला पाहिजे. दिसतंय त्याचा मेळ बसावा म्हणून न दिसलेलं असं धरणं, ही अर्थापत्ती. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, तिला वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं वेगळं साधन, मानत नाहीत, अनुमानातच घालतात. तो वाद राहू द्या. रात्री जेवतो, इतकंच हातात येतं. रात्री भडंग खातो म्हणालात, की गुण गेले.

शेवटचं एक. 'हळद नीट वाळवून आणा, म्हणजे चांगला भाव मिळेल,' असं अडत्या शेतकऱ्याला सांगतो. पर्याय दोन : शेतकऱ्याला चांगला भाव हवा आहे, सांगलीत इतर बाजारपेठांपेक्षा जास्त भाव मिळतो. पहिला इतका उघड वाटतो की पोरं त्याला बगल देतात आणि गावाच्या अभिमानानं दुसऱ्यावर खूण करतात. उलटे करा. दुसरीकडे जास्त भाव असला, तरी वाळवून आणायचा सल्ला चुकत नाही. शेतकऱ्याला भावाशी काही देणंघेणंच नसेल, तर मात्र अडत्यानं तोंड उघडायचं कारणच नव्हतं.